रानवाट आणि वर्गणी : ‘सार्वजनिक अरण्या’च्या कल्पनेचा तौलनिक इतिहास

‘पब्लिक फॉरेस्ट’ या शब्दांचा मराठी अनुवाद करू पाहणारा पहिल्याच शब्दाशी अडखळतो. मराठीत वाचनालय सार्वजनिक असते, गणेशोत्सव सार्वजनिक असतो, बांधकाम खातेही सार्वजनिक असते. जंगल मात्र ‘सरकारी’ असते किंवा ‘राखीव’ असते. ‘सार्वजनिक जंगल’ हा प्रयोग व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही बोलीत किंवा लेखनात रुळलेला नाही. भाषेत एखादा प्रयोग रुळत नाही, तेव्हा त्या प्रयोगाने निर्दिष्ट व्हावी अशी संस्थाही बहुधा समाजात रुजलेली नसते. अमेरिकेत अशी एक संस्था आहे. राष्ट्रीय अरण्यांतील वनविहार, पायवाटा आणि निसर्गशिक्षण यांसाठी लोकांकडून पैसा व श्रम गोळा करणारे ‘नॅशनल फॉरेस्ट फाउंडेशन’ हे ना-नफा प्रतिष्ठान १९९० च्या कायद्यातून जन्मले. त्याच्या पूर्वेतिहासाचा माग काढत गेल्यास तो ज्या घराण्यापर्यंत जातो, त्याच घराण्यातून भारतीय वनखातेही निघाले आहे. एकाच मुळातून दोन इतक्या भिन्न शाखा कशा फुटल्या, हा प्रश्न वनशास्त्राइतकाच साहित्याभ्यासाचाही आहे. कारण या दोन शाखांमधील अंतर प्रथम शब्दांत आणि ग्रंथांच्या शीर्षकांत दिसते.

अमेरिकेतील १५४ राष्ट्रीय अरण्यांचे आणि त्यांना जोडलेल्या गवताळ प्रदेशांचे क्षेत्र १९.३ कोटी एकर, म्हणजे सुमारे ७.८ लाख चौरस किलोमीटर आहे. भारतात सरकारदप्तरी ‘वन’ म्हणून नोंदलेली जमीनही सुमारे पावणेआठ लाख चौरस किलोमीटर भरते. हे साम्य योगायोगाचेच; परंतु तुलनेच्या दोन्ही पारड्यांत जवळजवळ सारखे वजन आहे, एवढे त्यातून निश्चित होते. येथे ‘राष्ट्रीय अरण्य’ आणि ‘राष्ट्रीय उद्यान’ यांतील भेदही ध्यानात घ्यावा लागतो. उद्याने संरक्षणासाठी आणि दर्शनासाठी राखलेली, गृह खात्याच्या अखत्यारीतील. अरण्ये लाकूड, चराई आणि पाणी यांसाठी राखलेली, कृषी खात्याच्या अखत्यारीतील. वनविहार हा अरण्यांचा मूळ हेतूच नव्हता. १८९७ च्या मूलभूत कायद्यात त्याचा उल्लेखही नाही.

या व्यवस्थेचा पहिला प्रमुख गिफर्ड पिंशो. १८८९ मध्ये तो वनशास्त्र शिकायला युरोपात गेला, त्या काळी अमेरिकेत हा विषय शिकवणारे विद्यालय नव्हते. बॉन येथे त्याला जो गुरू भेटला तो होता डीट्रिख ब्रँडिस. पेगूच्या सागवानी जंगलांचा हा एके काळचा अधीक्षक, १८६४ पासून हिंदुस्थान सरकारचा पहिला वनमहानिरीक्षक, १८८३ मध्ये निवृत्त होऊन मायदेशी स्थिरावला होता. त्याच्याच सल्ल्याने पिंशो फ्रान्समधील नॅन्सीच्या वनविद्यालयात दाखल झाला आणि पुढे ब्रँडिसबरोबर जर्मन जंगलांतून हिंडला. हे ऋण त्याने ‘ब्रेकिंग न्यू ग्राउंड’ या मरणोत्तर (१९४७) प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने मान्य केले आहे. १९०५ मध्ये अरण्ये कृषी खात्याकडे आली, पिंशो वनसेवेचा प्रमुख झाला आणि त्याच वर्षी ‘यूज बुक’ या नावाने पुढे ओळखले गेलेले, रेंजरच्या खिशात मावेल असे नियमपुस्तक निघाले. जंगलाचा उपयोग कोणी, कसा, किती करावा हे सामान्य नागरिकालाही वाचून कळावे, अशा भाषेत ते लिहिलेले होते. राज्याने जंगल ताब्यात घ्यावे, ही शिकवण ब्रँडिसच्या परंपरेतली. ते का घेतले हे लोकांना समजावून सांगावे लागेल, ही जाणीव मात्र मतदारांच्या देशातली.

खुद्द ब्रँडिसचा हिंदुस्थानातील अनुभव वेगळा होता. गावांसाठी स्वतंत्र ग्रामवने असावीत असा त्याचा आग्रह होता. १८७८ च्या वनकायद्यात ‘ग्रामवन’ हा वर्ग आलाही. पण तो बहुतांशी कागदावर राहिला. राज्याच्या निर्बाध मालकीचा बी. एच. बेडन-पॉवेल यांनी मांडलेला पक्ष जिंकला. या कायद्याला हरकत घेणाऱ्यांत १८७० मध्ये स्थापन झालेली पुणे सार्वजनिक सभा होती. गावकऱ्याला विश्वासात घेऊनच जंगल टिकेल, हा तिच्या म्हणण्याचा आशय होता. मराठीत ‘सार्वजनिक’ हा शब्द राजकीय अर्थाने स्थिरावला त्याच दशकात, त्याच नावाच्या संस्थेने जंगलाविषयी हे म्हणावे आणि तरीही तो शब्द जंगलाला चिकटू नये, यात या इतिहासाची गाठ आहे. जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात जंगलखाते येते ते गायरान गिळणारे खाते म्हणून. १९३० च्या जंगल सत्याग्रहात पुसदला लोकनायक अणे यांनी कायदा मोडला तो गवत कापून, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात उरणजवळच्या चिरनेरला गोळीबार झाला. ज्या जंगलात शिरण्यासाठी सत्याग्रह करावा लागतो, त्याच्यासाठी वर्गणी कोण काढणार?

अमेरिकेत वर्गणी निघाली. प्रतिष्ठानाच्या स्थापनेपूर्वी एकाहत्तर वर्षे, १९१९ मध्ये ती निघाली, आणि या इतिहासातील सर्वांत बोधक प्रकरण तेच आहे.

पहिल्या महायुद्धानंतर मोटारी स्वस्त झाल्या आणि कोलोरॅडोतील पोलादी कारखान्यांच्या प्वेब्लो शहरातले कामगार व व्यापारी सुटीच्या दिवशी जवळच्या सॅन इझाबेल राष्ट्रीय अरण्यात जाऊ लागले. तेथे त्यांच्यासाठी ना चूल होती, ना स्वच्छतागृह, ना पिण्याच्या पाण्याची सोय. कचरा साचे, पाणी दूषित होई, उघड्या शेकोट्यांमुळे वणव्याची भीती असे. वनसेवेने त्याच वर्षी आर्थर कारहार्ट या तरुण भूदृश्यरचनाकाराची नेमणूक केली होती. पण त्याच्या आराखड्यांसाठी काँग्रेस पैसा देईना. लोकांना रंजन हवे तर त्यासाठी उद्याने आहेत, असा संसदेतील सूर होता. तेव्हा प्वेब्लोच्या नागरिकांनी ‘सॅन इझाबेल पब्लिक रिक्रिएशन असोसिएशन’ स्थापन केली, पैसा उभा केला, आणि कारहार्टच्या आराखड्यानुसार स्क्विरल क्रीकच्या दरीत मुक्कामाच्या जागा, चुली, निवारे आणि पायवाटा बांधल्या. जमीन संघराज्य सरकारची, आराखडा सरकारी नोकराचा, पैसा गावाचा. बांधलेले सगळे सर्वांसाठी खुले. वर्गणीदाराला त्यावर वेगळा हक्क नव्हता, हे महत्त्वाचे.

मराठी वाचकाला ही रीत अनोळखी नाही. धर्मशाळा, पाणपोई, घाट, ग्रंथालये अशीच उभी राहिली. फरक जमिनीचा आहे. प्वेब्लोच्या माणसाला सरकारी जंगल ‘आपले’ वाटत होते, आणि त्या आपलेपणाची किंमत मोजायला तो तयार होता.

कारहार्टची दुसरी कामगिरी अधिक प्रसिद्ध आहे. त्याच १९१९ साली व्हाइट रिव्हर अरण्यातील ट्रॅपर्स लेकभोवती रस्ता आणि उन्हाळी घरांसाठी भूखंड आखायला त्याला पाठवले गेले. परत येऊन त्याने काहीही बांधू नये अशी शिफारस केली आणि ती मान्य झाली. डिसेंबरात डेन्व्हरला त्याची भेट घेतली आल्डो लिओपोल्ड या वनाधिकाऱ्याने, आणि १९२४ मध्ये न्यू मेक्सिकोतील गिला अरण्याचा मोठा भाग निर्मनुष्य वन्यप्रदेश म्हणून राखला गेला. म्हणजे वनविहार घडवणारा आणि वनविहाराला मर्यादा घालणारा विचार एकाच वर्षात, जवळजवळ एकाच टेबलावर मांडला गेला. निधीअभावी वैतागून कारहार्टने १९२२ च्या अखेरीस नोकरी सोडली आणि पुढे तो लेखणीवर जगला. लिओपोल्डचे ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ त्याच्या मृत्यूनंतर, १९४९ मध्ये आले.

मधल्या सत्तर वर्षांचा तपशील येथे थोडक्यात पुरेसा आहे. मंदीच्या काळातील श्रमपथकांनी १९३३ ते १९४२ दरम्यान पायवाटा आणि मुक्कामस्थळे बांधली. १९६० च्या बहुउपयोग कायद्यात वनविहाराला लाकूड, चराई, पाणी आणि वन्यजीव यांच्या पंक्तीत प्रथमच स्थान मिळाले. उद्यानांसाठी १९६७ मध्ये आणि मासे-वन्यजीवांसाठी १९८४ मध्ये कायद्याने प्रतिष्ठाने झाली. अरण्यांची पाळी सर्वांत शेवटी आली.

ती १९९० मध्येच का आली, हे पाहण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या जूनमध्ये वायव्येकडील जुन्या अरण्यांत राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाला संकटग्रस्तांचे संरक्षण मिळाले. राष्ट्रीय अरण्यांतील लाकूडतोड १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात शिखरावर होती. पुढील दशकात ती सुमारे चौथ्या हिश्श्यावर घसरली. लाकूड हा वनसेवेच्या प्रतिष्ठेचाच नव्हे तर शेजारच्या शाळांचाही आधार होता. १९०८ पासून अरण्याच्या उत्पन्नातील चौथा हिस्सा त्या त्या परगण्यातील शाळा व रस्ते यांना मिळत असे. अरण्याने शिक्षण पोसावे ही कल्पना इतकी शब्दशः अंमलात होती, की लाकूड घटताच शाळांच्या अंदाजपत्रकाला खिंडार पडले आणि २००० मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. लाकडाच्या जागी आता माणसे येत होती, आणि माणसांकडून उत्पन्न येत नव्हते.

नोव्हेंबर १९९० मध्ये संमत झालेल्या कायद्याने प्रतिष्ठानाला तीन कामे दिली: खाजगी देणग्या मिळवणे व सांभाळणे, अरण्यांच्या मंजूर आराखड्यांशी सुसंगत कामे हाती घेणे, आणि वनसेवेच्या कार्यक्रमांना शैक्षणिक व तांत्रिक साहाय्य करणे. ही संस्था शासनाचे अंग मानली जाणार नाही, असेही कायद्यातच म्हटले आहे. राज्याने स्वतःच्या हाताने स्वतःबाहेरची संस्था निर्माण करावी, ही रचना वरवर विचित्र दिसते. परंतु सॅन इझाबेलचा अनुभव तिच्यामागे ठेवला की तिचा अर्थ लागतो. १९१९ मध्ये एका गावाने जे उत्स्फूर्तपणे केले, त्याला १९९० मध्ये घटना आणि शिक्का मिळाला.

प्रतिष्ठानाचे कार्यालय माँटाना राज्यातील मिझूला या गावी आहे. त्याची कार्यपद्धती साधी आहे. संघराज्याकडून मिळालेला निधी ते स्थानिक स्वयंसेवी मंडळांना देते. अट अशी की मंडळाने निदान तेवढीच बिगरसरकारी रक्कम उभी करावी. पायवाट दुरुस्त करणारे मंडळ, शाळकरी मुलांना ओढ्याकाठी नेणारे मंडळ, वणव्यात जळालेल्या उतारावर रोपे लावणारे मंडळ, असे हे अर्जदार असतात. बर्फावरील खेळांच्या ठिकाणी उतरणारा पाहुणा खोलीच्या बिलात स्वेच्छेने एखाद-दोन डॉलर घालतो, ते ज्या अरण्याच्या उतारावर तो घसरत होता त्याच अरण्यात खर्च होतात. लॉस एंजलिसच्या माथ्यावरील एंजलिस राष्ट्रीय अरण्यात २००९ च्या वणव्याने दीड लाखाहून अधिक एकर जळाले; तेथील पुनर्वनीकरणात आणि पायवाटांच्या कामांत प्रतिष्ठान उतरले. २०१८ मध्ये त्याने ५ कोटी रोपांची मोहीम जाहीर केली. लाकूडतोडे, गुरेवाले आणि पर्यावरणवादी यांना एका बैठकीत बसवणे हेही त्याने काम मानले आहे, आणि ते रोपे लावण्यापेक्षा अवघड आहे.

तरीही या यशाची दुसरी बाजू झाकता येत नाही. राष्ट्रीय अरण्यांतील पायवाटांची लांबी सुमारे अडीच लाख किलोमीटर आहे. २०१३ मध्ये सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने दाखवून दिले की त्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा वनसेवेच्या स्वतःच्या निकषांना उतरतो. कारण उघड होते: १९९५ मध्ये वनसेवेच्या अंदाजपत्रकाचा १६ टक्के भाग वणव्यांवर खर्च होई; २०१५ पर्यंत तो निम्म्याहून अधिक झाला. उपाय म्हणून २०१६ मध्ये जो कायदा झाला, त्याचा भर स्वयंसेवकांचे श्रम वाढवण्यावर होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये वनसेवेतील उमेदवारीच्या काळातील हजारो कर्मचाऱ्यांना कमी करण्याचे आदेश निघाले, तेव्हा तर हा प्रश्न उघडाच पडला. वर्गणी ही राज्याच्या कर्तव्याला जोड आहे की त्याच्या माघारीला आडोसा? प्रतिष्ठानाच्या वाङ्मयात हा प्रश्न फारसा येत नाही. तो यायला हवा होता.

येथवर ‘पायवाट’ हा शब्द अनेकदा आला. त्याच्याकडे आता साहित्याच्या अंगाने पाहता येईल. अमेरिकी अरण्यातली पायवाट ही बांधलेली वस्तू आहे. तिला नकाशात क्रमांक असतो, ठरलेला चढ असतो, पाणी काढून देणारे आडवे ओंडके असतात. गॅरी स्नायडर या कवीने १९५२ व १९५३ चे उन्हाळे माउंट बेकर अरण्यातील शिखरांवर वणवा-टेहळणीत काढले आणि १९५५ मध्ये योसेमिटी उद्यानात वाटा बांधणाऱ्या पथकात मजुरी केली. १९५९ मध्ये क्योटोत छापल्या गेलेल्या त्याच्या पहिल्या संग्रहाचे नाव ‘रिपरॅप’. निसरड्या कातळावर घोड्यांचे खूर टिकावेत म्हणून जी दगडांची फरसबंदी करतात, तिचा हा कारागिरी शब्द. चिनी कवी हान-शानचे अनुवाद तो त्याच काळात करीत होता, हे तौलनिक अभ्यासकांना ठाऊकच आहे. मिझूलातच वाढलेला नॉर्मन मॅक्लेन याने किशोरवयात वनसेवेत हंगामी काम केले. ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ (१९७६) या त्याच्या पुस्तकातील एका दीर्घकथेच्या शीर्षकात वनसेवेची आद्याक्षरे आणि १९१९ हे साल आहे. पगारपत्रकावर नाव असलेल्या मजुराने अरण्यसाहित्य लिहावे, ही गोष्ट त्या परंपरेत अपवादात्मक नाही. प्रतिष्ठानाला देणगी देणारा वाचक याच साहित्याने घडवला.

मराठीत या पायरीवर उभे आहेत मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५). तेही वनाधिकारी, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट या त्यांच्या कर्मभूमी. त्यांच्या एका ग्रंथाचे नाव ‘रानवाटा’. ‘रिपरॅप’ आणि ‘रानवाटा’ ही दोन शीर्षके शेजारी ठेवली तर दोन वनव्यवस्थांमधील अंतर हाती लागते. रिपरॅप हाताने रचावा लागतो. रानवाट कोणी रचत नाही. गुरे, मोहफुले वेचणाऱ्या बाया, बांबूवाले आणि श्वापदे यांच्या पायांनी ती पडते. तिला क्रमांक नसतो, तिची वाट पुसून घ्यावी लागते. म्हणूनच चितमपल्लींच्या लेखनात गोंड, माडिया, कोरकू माणसे केवळ पार्श्वभूमीला राहत नाहीत. शब्द त्यांच्याकडून येतात. आणि हीच रानवाट कायद्यात कशी येते? १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २५ मध्ये, राखीव वनातील सार्वजनिक वा खाजगी वाट बंद करण्याचा वनाधिकाऱ्याचा अधिकार म्हणून, पर्यायी वाट असण्याच्या अटीवर. वाटेच्या संदर्भात का होईना, ‘सार्वजनिक’ हे विशेषण येथे जंगलात शिरते. पण शिरते ते बंद होण्यासाठी.

अमेरिकी ‘पब्लिक’ तरी खरोखर सर्वांचे होते का? न्यू मेक्सिकोतील टाओस प्वेब्लो या मूलनिवासी गावाचे पवित्र सरोवर, ब्लू लेक, १९०६ मध्ये राष्ट्रीय अरण्यात समाविष्ट झाले. सरोवर सर्वांना खुले झाल्याने गावाच्या पूजाविधींचा एकांत गेला. लाकूडतोडीबरोबरच तंबू ठोकणाऱ्या पर्यटकांविरुद्धही त्यांची तक्रार होती. चौसष्ट वर्षांच्या लढ्यानंतर डिसेंबर १९७० मध्ये ४८ हजार एकर त्यांना परत मिळाले. ‘पब्लिक’ आणि ‘प्वेब्लो’ हे दोन्ही शब्द लोकसमूहवाचक एकाच लॅटिन मुळाशी जातात. कोलोरॅडोतल्या प्वेब्लोने वर्गणी काढून अरण्य सर्वांसाठी खुले केले; टाओसच्या प्वेब्लोने सर्वांसाठी खुले झालेले अरण्य लढून परत घेतले. एका प्वेब्लोचा आनंद दुसऱ्याची हानी होऊ शकतो, ही शक्यता वनविहाराच्या प्रत्येक योजनेत दडलेली असते.

भारतात स्वयंसेवी निसर्गशिक्षणाची परंपरा जंगलाच्या हक्कापेक्षा नमुन्यांच्या संग्रहातून आली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली; त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. पुढे सलीम अलींच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ने (१९४१) पक्षी पाहणारा मध्यमवर्ग निर्माण केला, निसर्गशिबिरे रुजली आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगत गोरेगावला सोसायटीचे शिक्षणकेंद्र उभे राहिले. हे काम मोलाचे आहे. पण त्यातून घडला तो जंगलाचा निरीक्षक. जंगलाचा वाटेकरी त्यातून घडला नाही.

कायद्याने प्रतिष्ठान भारतातही आले. केरळात पेरियार येथे २००४ मध्ये पहिला प्रयोग झाला आणि २००६ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण अधिनियमात प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाची तरतूद आली. निसर्गपर्यटन, पर्यावरणशिक्षण, संशोधन, देणग्या: उद्दिष्टांची भाषा अमेरिकी कायद्याच्या फार जवळची आहे. पैशाचा उगम मात्र भिन्न. मुख्य आधार प्रवेशद्वारावरील शुल्काचा आणि नियामक मंडळाच्या शिरोभागी राज्याचा वनमंत्री. मिझूलाचे प्रतिष्ठान वर्गणीवर चालते, ताडोबाचे तिकिटावर. वर्गणीदार आणि तिकीटधारक यांचे जंगलाशी असलेले नाते एकच नव्हे.

त्याच २००६ सालचा दुसरा कायदा वनहक्कांचा. त्याने ‘सरकारी’ आणि ‘सार्वजनिक’ यांच्या शेजारी तिसरा शब्द आणून ठेवला: ‘सामूहिक’. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला तरी बांबू गावाबाहेर नेण्याचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वनखाते सोडीना. गावाने तो प्रश्न लावून धरला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री आणि राज्याचे मुख्यमंत्री गावात आले आणि परवान्यांचे कोरे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. पिंशोच्या ‘यूज बुक’प्रमाणे तेही एक लहानसे सरकारी पुस्तकच, फक्त त्याची पाने भरण्याचे काम गावाकडे होते.